बांबूच्या मुलखात सिमेंटचं घर

गडचिरोलीत घरकुलाच्या यादीत नाव लागलं की घरातला पहिला प्रश्न पैशांचा नसतो, जागेचा असतो. ज्या जागेवर आजोबांनी घर उभारलं, वडिलांनी वाढवलं, ती जागा कागदावर कुणाची हे पाहायला गेलं की कित्येकदा उत्तर मिळतं, वनखात्याची. जिल्ह्याचा जवळपास ७० टक्के भाग जंगलाखाली आहे. शेजारच्या चंद्रपुरातही ताडोबा, ब्रह्मपुरी, राजुरा या पट्ट्यांत जंगल गावाच्या कुंपणाला येऊन भिडतं. गावठाणाच्या हद्दी फार पूर्वी आखल्या गेल्या. पुढे एका घराची चार घरं झाली, पण हद्द होती तिथेच राहिली. चौथ्या भावाचं घर मग आपोआपच हद्दीबाहेर जातं आणि हद्दीबाहेरच्या घराला अनुदान मिळत नाही.

घरबांधणीचे नियम म्हटलं की शहरातल्या माणसाला एफएसआय, पार्किंग आणि नगररचना खात्याचे शिक्के आठवतात. या दोन जिल्ह्यांत मात्र घराची किंमत आणि दर्जा ठरवणारे नियम बांधकामाच्या पुस्तकात कमी आणि वन, महसूल, खनिकर्म व ग्रामविकास खात्यांच्या फायलींत जास्त सापडतात. जागा, लाकूड, बांबू, रेती, विटा आणि अनुदानाचा हप्ता यांतल्या प्रत्येकाचा नियम वेगळ्या काळात, वेगळ्या हेतूने केला गेला. हेतू बहुतेकदा चांगलाच होता. पण हे सगळे नियम एकाच कुटुंबाच्या दारात येऊन एकमेकांना भिडतात, आणि त्याचा हिशेब कुठल्याच खात्याकडे नसतो.

झुडपी जंगलाचंच बघा. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींत गावाजवळच्या खुरट्या झाडोऱ्याच्या, गुरं चारायच्या जमिनींना हे नाव पडलं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. त्यावर शाळा, कार्यालयं, दवाखाने आणि हजारो घरं उभी राहिली. १९८० चा वन संवर्धन कायदा आला आणि त्यानंतर १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाची व्याप्ती वाढवली. त्याबरोबर या सगळ्या जमिनींचा दर्जा टांगणीला लागला. घर होतं, घरपट्टी भरली जात होती, पण मालकीचा कागद मिळत नव्हता. कागद नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही आणि घरकुलही नाही. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचं स्पष्ट केलं. मात्र १९९६ च्या त्या तारखेपर्यंत वाटप झालेल्या जमिनींसाठी एकदाच सूट देऊन केंद्राच्या मंजुरीने त्या नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. जवळपास तीस वर्षं लोक अशा घरात राहिले ज्याची भिंत पक्की करायलाही जीव धजावत नव्हता. उद्या उठवलं तर काय, या भीतीने माणूस चांगलं बांधतच नाही. घराच्या दर्जाला जागेच्या अनिश्चिततेइतकं दुसरं काहीच पोखरत नाही, असं मला वाटतं.

अनुसूचित क्षेत्रासाठी आणखी एक वाट निघाली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने दिलेला अधिकार वापरून २००६ च्या वनहक्क कायद्यात राज्यापुरता बदल केला. या बदलामुळे आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर राहतं घर बांधण्यासाठी जागा मिळू शकते. घरासाठी जागा नाही म्हणून माणसांनी गाव सोडून जाऊ नये, हा त्यामागचा विचार. एटापल्ली, धानोरा, कोरचीसारख्या तालुक्यांत या अधिसूचनेचं मोल फार मोठं आहे. ती गावागावात वाचून दाखवायला हवी.

आता घर कशाचं बांधायचं, याकडे येऊ.

या भागातलं जुनं घर कुडाचं. सागाचे किंवा येनाचे खांब जमिनीत रोवायचे, त्यांना आडव्या बल्ल्या बांधायच्या. मानवेल बांबू उभा फोडून, ठोकून, त्याच्या पट्ट्यांचे ताटवे विणायचे आणि ते खांबांना बांधायचे. मग माती, शेण आणि बारीक केलेलं तणस किंवा धानाचा कोंडा एकत्र तुडवून दोन्ही बाजूंनी थापायचा. तणस असतं म्हणून वाळताना भिंतीला मोठ्या भेगा पडत नाहीत. वर उतरतं छप्पर आणि त्यावर गावच्या कुंभाराने भाजलेले कवेलू. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हाही या घरात दुपारी आडवं होता येतं. मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू आहे. तीन-चार वर्षांचा झालेला, थंडीत तोडलेला मानवेल ताणाला इतका चिवट असतो की त्याचा सांगाडा भूकंपाच्या धक्क्यात वाकतो, पण सहसा कोसळत नाही.

हे सगळं सांगताना या घराचे दोष झाकायचं मला काही कारण नाही. जमिनीत रोवलेला कच्चा बांबू दोन-चार वर्षांत उदई खाऊन टाकते. घुण लागला की पट्ट्यांचं पीठ होतं. माकडांची टोळी कवेलू फोडते, दर पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात आणि ते काम जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून डास येतात. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोली उचलते, हे विसरून चालणार नाही. २०२१ च्या शेवटी छत्तीसगडमधून रानटी हत्ती जिल्ह्यात आले, आणि त्यानंतर मातीच्या भिंती पाडून धान खाल्ल्याच्या बातम्या कुरखेडा, कोरची, देसाईगंज भागातून सतत येत राहिल्या. इथली बाई पक्कं घर मागते तेव्हा ती उगाच शहराची नक्कल करत नाही. साप, पाऊस आणि हत्ती यांपासून तिला लेकरांना वाचवायचं असतं.

प्रश्न असा, की पक्कं घर म्हणजे सिमेंटचंच घर, असं ठरवलं कुणी?

बांबूच्या बाबतीत हे ठरायला कायद्याचा मोठा हातभार लागला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातलेला होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत, पण कायद्याने ते झाड. त्यामुळे स्वतःच्या बांधावर लावलेला बांबूसुद्धा तोडायला आणि वाहून न्यायला वाहतूक परवाना लागायचा. दुसरीकडे याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे वर्षानुवर्षं जात राहिला. गावकऱ्याला मात्र निस्तार हक्काच्या, म्हणजे घरगुती गरजेच्या, बांबूसाठी डेपोवर रांग लावावी लागे, आणि तो मिळेल तेवढा, मिळेल तेव्हा, मिळेल तसा घ्यावा लागे. घराला लागणारा पिकलेला, सरळ बांबू वेळेवर हाती येणार नसेल तर कुडाचं घर कमकुवतच होणार. कोवळ्या बांबूचं घर लवकर खचतं, आणि ते खचलं की दोष बांबूला लागतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने हे चित्र बदलायला सुरुवात केली. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं होतं. सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, तरी वाहतूक परवान्याचं पुस्तक खात्याकडेच होतं. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने, आणि पाठोपाठ झालेल्या कायद्याने, वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून बाहेर काढला. म्हणजे शेतातला बांबू मोकळा व्हायला नव्वद वर्षं लागली. सागाचं अजून तसं नाही. शेतातला साग तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते आणि आदिवासी शेतकऱ्याला तो विकायचा असेल तर १९६९ चा वेगळा कायदा आडवा येतो. तो कायदा ठेकेदारांच्या लुटीपासून वाचवण्यासाठी केलेला आहे आणि त्याची गरज होती. पण स्वतःच्या शेतातल्या सागाचे खांब घराला लावायचे तर कागदपत्रांत महिने जातात, आणि तेवढ्यात माणूस बाजारातून लोखंडी सळ्या घेऊन मोकळा होतो.

या नव्वद वर्षांत बांबूने बांधण्याचं ज्ञान गावात होतं तिथेच थांबलं. अभियांत्रिकी महाविद्यालयांत सिमेंट आणि लोखंड शिकवलं जात राहिलं. नागपूरचे वास्तुरचनाकार विनू काळे यांच्यासारखी मोजकी माणसं बांबूच्या मागे लागली. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी मेळघाटातल्या लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र उभारलं आणि बांबूची घरंही बांधून दाखवली. सरकारी नियमपुस्तकंही हळूहळू जागी झाली. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत बांबूचा स्वतंत्र विभाग आहे आणि बांबूच्या बांधकामाची रचना कशी करावी याचं भारतीय मानक, आयएस १५९१२, हेही आता तयार आहे. म्हणजे कागदावर बांबूचं पक्कं घर पूर्ण वैध आहे.

घरकुल योजनेच्या कागदावरही ते वैध आहे. इंदिरा आवास योजनेच्या जागी नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. तिची मार्गदर्शक सूचना सांगते की घर साध्या देखभालीवर किमान ३० वर्षं टिकावं, छप्पर टिकाऊ साहित्याचं असावं आणि भिंतींनी स्थानिक हवामानाला तोंड द्यावं. सिमेंटच वापरा, असं त्यात नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने यूएनडीपी आणि दिल्ली आयआयटीच्या मदतीने ‘पहल’ नावाचा नमुन्यांचा संग्रहही काढला आहे. त्यात ठिकठिकाणचं हवामान आणि साहित्य पाहून घरांचे आराखडे दिले आहेत.

मग गावात एकजात विटा-सिमेंटची, स्लॅबची किंवा टिनाची घरंच का दिसतात? कारण अनुदान हप्त्यांनी मिळतं, आणि हप्ता मिळतो जोत्याचा, भिंतींचा, छताचा टप्पा मोबाइलवर फोटो काढून नोंदवल्यावर. पंचायत समितीच्या अभियंत्याला विटांच्या घराचे टप्पे पाठ असतात. कुडाच्या घरात आधी सांगाडा आणि छप्पर उभं राहतं, भिंत शेवटी भरली जाते. त्याचा ‘भिंतीचा टप्पा’ कुठला? शिवाय २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत बांबूची, मातीची भिंत कच्च्या सदरात धरली होती. जे साहित्य असल्यामुळे कुटुंब यादीत आलं, त्याच साहित्याचं नवं घर मंजूर करायला कुठलाही कनिष्ठ अधिकारी कचरणारच. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर त्याला एकट्यालाच द्यावं लागतं.

आता पैशांचा हिशेब करू. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं हवं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला १ लाख ३० हजार रुपये मिळतात, सपाटीच्या भागात १ लाख २० हजार. भागाकार केला तर चौरस फुटाला ४८३ रुपये पडतात. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेसाठी. योजनेची मूळ रक्कम मात्र २०१६ पासून जिथे होती तिथेच आहे, आणि तेव्हापासून सिमेंट, सळ्या आणि गवंड्याची मजुरी कुठे पोचली हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपुरातच आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस ही नावं देशभरच्या बांधकामांना पुरतात. पण आलापल्लीवरून भामरागडला पोत्यामागे जे भाडं पडतं ते कारखाना जवळ असल्याने सुटत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, आणि भिजलेलं पोतं म्हणजे दगड. विटांचीही तीच कथा. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचे डोंगर साचू नयेत म्हणून १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने केंद्राभोवतीच्या ५० किलोमीटरमध्ये विटांत राख वापरण्याचं बंधन घातलं. पुढे ते अंतर १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झालं. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र धरलं तर दोन्ही जिल्हे त्यात पूर्ण येतात. चंद्रपूर, बल्लारपूर, मूलमध्ये हा नियम शहाणपणाचा आहे. राख वापरली जाते, शेताची माती वाचते आणि वीट एकसारखी मिळते. दीडशे-दोनशे किलोमीटर दूरच्या गावात मात्र त्याच विटेच्या किमतीत वाहतूकच डोईजड होते.

रेतीचं दुखणं सर्वांत जुनं. वैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता दाराशी वाहतात, पण फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून लहान रेतीघाटालाही पर्यावरण मंजुरी लागते. नदीसाठी हे हवंच होतं. मात्र मंजुरी आणि लिलाव लांबले की घाट बंद राहतात, पावसाळ्यात उपसा बंद असतो आणि मधल्या काळात रेती चोरट्या भावाने मिळते. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास रेती मोफत देण्याची तरतूद आहे. ती वेळेवर हाती पडली तर घराचा मोठा खर्च वाचतो. नाही पडली तर मिश्रणात सिमेंट कमी घातलं जातं. ही काटकसर डोळ्यांना दिसत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला की कळते.

अशा काटकसरीतून उभं राहिलेलं घर कसं असतं, ते एटापल्लीकडच्या कुठल्याही गावात पाहता येईल. पुढे एक-दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, लोखंडी दार, दोन लहान खिडक्या, भिंतीवर योजनेचं नाव. आत धानाची पोती, पेटी, कागदपत्रं. मागे कुडाची झोपडी, तिच्यात चूल, आणि एप्रिलपासून सगळ्यांची अंथरुणंही तिथेच. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्रभर खाली सोडत राहतो. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की कोरड्या उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश असावं आणि दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश. पण खिडकीला पैसे लागतात, आणि अनुदानाच्या टप्प्यांत खिडकीचा टप्पा नसतो.

परवानगीच्या बाबतीत सरकारने खरोखर वाट सोपी केली आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. २०२१ मध्ये ग्रामीण भागात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला फक्त कागदपत्रं ग्रामपंचायतीत जमा करण्याची, आणि ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीनेच परवानगी देण्याची सोय झाली. नगररचनाकाराकडचे हेलपाटे वाचले. चंद्रपूर शहरात मात्र गोंडकालीन किल्ल्याच्या तटाला लागून राहणाऱ्यांचे हेलपाटे वाढले आहेत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. जटपुरा किंवा पठाणपुरा दरवाज्याजवळच्या जुन्या वस्त्यांत घर दुरुस्त करायचं तरी दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा कागद लागतो. तट जपायलाच हवा. पण त्याच्या सावलीत राहणाऱ्याला दुरुस्तीची परवानगी जिल्ह्यातच मिळेल अशी व्यवस्था करता येणार नाही का?

नियम कमी असले की घर स्वस्त होतं, एवढं साधं गणित मला मान्य नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीच्या पोटात गेलं. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. अशा जमिनीवर कुणी राहू नये हे सांगणारा आणि पाळला जाणारा नियम असायलाच हवा. किल्लारीच्या भूकंपात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती बहुतेक जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड धाब्याखाली. आणि बांबूच्या बाबतीत धडा चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीत मिळाला. तिथल्या बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची, बांबूचा मोठ्या प्रमाणावर वापर करून उभारलेली इमारत फेब्रुवारी २०२१ मध्ये आगीत जळाली. त्या दिवशी अनेकांनी बांबूवरच फुली मारली. खरं तर बांबू वापरायचा तर मातीचा किंवा सिमेंटचा गिलावा, विजेच्या तारांचं अंतर आणि चुलीची जागा यांचे नियम किती काटेकोर हवेत, हे त्या आगीने सांगितलं. गिलाव्यात बंद केलेला बांबू उघड्या बांबूसारखा पेटत नाही.

कोलंबियाने हे करून दाखवलं आहे. जानेवारी १९९९ मध्ये तिथल्या आर्मेनिया शहराच्या परिसरात भूकंप झाला तेव्हा विटांची घरं मोठ्या संख्येने पडली आणि बांबूच्या सांगाड्यावर गिलावा केलेली जुन्या पद्धतीची घरं त्या मानाने टिकली. सरकारने त्या घरांची तपासणी केली आणि एक-दोन मजली घरांसाठी ती पद्धत भूकंपरोधक बांधकामाच्या राष्ट्रीय संहितेतच घातली. बांबू किती जाड हवा, सांधा कसा बांधायचा, जमिनीपासून किती उंच ठेवायचा, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. आपल्याकडे मानकं आहेत, पण ती गवंड्याच्या आणि कनिष्ठ अभियंत्याच्या हातात पडेल अशा रूपात नाहीत.

गडचिरोलीसाठी लागणारा नमुना फार अवघड नाही. दोन फूट उंच दगडी किंवा राखेच्या विटांचं जोतं, म्हणजे बांबूचा उदईशी आणि ओलीशी संबंध तुटतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला मानवेल, दोन्ही बाजूंनी गिलावा, रुंद वळचण, जाळी लावलेल्या मोठ्या खिडक्या, आणि आतली एक खोली पूर्ण विटांची, जिथे धान आणि कागद हत्ती-पावसापासून सुरक्षित राहतील. या नमुन्याचे स्वतःचे चार टप्पे ठरवून ते घरकुलाच्या ॲपमध्ये घातले, की अभियंत्यालाही सही करताना हात आखडावा लागणार नाही. बांबू तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीत, जेव्हा त्यातली साखर कमी असते आणि घुण कमी लागतो. म्हणून या घरांचा पहिला हप्ता दिवाळीच्या सुमाराला ग्रामसभेच्या बांबूतोडीबरोबरच यायला हवा. फेब्रुवारीपर्यंत ताटवे विणून होतात आणि मृगाच्या आत छप्पर चढतं.